यादीत नसलेला शब्द

“बाई, त्याला समजत नाही. तो फक्त ओळखतो.”

मंडळी, पोलादपूरहून, नाते गावाहून प्रकाशच्या शोकसभेला उन्हातून आलात. मला बोलणं जड जातंय, म्हणून त्याच्या कॉम्प्युटरबद्दलच्या प्रकाशच्याच या जुन्या वाक्याचा आधार घेते. आपल्या शाळेचे हे गणिताचे सर, मी मराठीची बाई. वयाने लहान, म्हणून मी त्याला प्रकाशच म्हणायची.

मुंबईच्या भावाने त्याला टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर दिला होता. त्यावर प्रकाशने खेळ रचला. सव गावच्या गरम झऱ्यामागे एक गुहा. चित्र नाही, नुसती वाक्यं. आपण इंग्रजी अक्षरांत मराठी हुकूम लिहायचा. दिवा घे. दार उघड.

त्याने मला विचारलं, मराठीत क्रियापद कुठे येतं? मी म्हटलं, शेवटी. मग त्याचं यंत्र वाक्य शेवटाकडून वाचू लागलं. आधी क्रियापद, मग वस्तू. पहिली चार अक्षरं जुळली की पुरे. उघड, उघडा, उघडू, सगळं एकच. आणि जो शब्द यादीत नाही, तो सोडून द्यायचा.

एकदा गुहेत दाराआड वाघ होता. त्याच्या आई, या पुढे बसल्यात, म्हणाल्या, लिही, दार उघडू नको. त्याने लिहिलं. ‘नको’ यादीत नव्हतं. दार उघडलं. वाघाने खाल्लं.

आई म्हणाल्या, “याला नको म्हटलेलं कळत नाय रे. तुझ्यावरच गेलाय.”

सगळ्यांत जास्त प्रकाशच हसला. आई त्याला ताप अंगावर काढू नको म्हणायच्या. तो शाळेला निघायचाच.

पण मी कोणती शहाणी? गेल्या महिन्यात विचारलं, बरा आहेस ना? म्हणाला, “बरा आहे बाई, फक्त जिना चढवत नाही.” मी ‘बरा आहे’ तेवढं घेतलं. बाकीचं सोडून दिलं. रोज वाक्यं सोडवायला शिकवणारी मी. ओळखलं. समजलं नाही.

आई, तो खेळ ज्या टेपच्या कॅसेटवर साठवलाय, ती तुम्ही ट्रंकेत ठेवलीत. ‘नको’ हा शब्द त्याने नंतर यंत्राला शिकवला होता का, मला माहीत नाही. मुलांना बघायचंय. मलाही.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. त्यानंतर, आई, ती कॅसेट एका दिवसासाठी द्याल का? तुम्ही नको म्हणाल, हे मला ठाऊक आहे. म्हणा. या वेळी तो शब्द आम्ही सोडून देणार नाही.