डझनकाकांचा बिनअंड्याचा चॉकलेट पाय

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या औषधदुकानाच्या मालकीणबाई, व्यासपीठावर बसलेले बँकेचे मॅनेजरसाहेब, व्यापारी मंडळाचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती डझनकाका आणि काकू, आणि लवकर शटर ओढून, गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन इथे वेळेवर आलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, सगळ्यांना मनापासून नमस्कार.

मी कोपऱ्यावरच्या बेकरीतली धाकटी. माझा दादा भट्टी सांभाळतो, मी गोडाचं बघते, आणि तोंड चालवायचं खातंही माझ्याकडेच आहे. म्हणून हा मान मला मिळाला असावा.

काकांची ओळख मी काय करून द्यायची? या रस्त्यावर जे आमलेट झालं, जो केक फुगला, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. आमच्या वडिलांनी बेकरी काढली तेव्हा अंड्यांचे पहिले ट्रे काकांनीच आणून दिले. बोलणं सगळं डझनात. लग्नाला माणसं किती होती विचारा, "असतील वीसेक डझन." भाव कमी करा म्हटलं, की आपल्याकडे न बघता अंड्याकडे बघायचे, जणू आपण त्याच्या तोंडावर त्याचा अपमान केलाय.

तर असा हा माणूस एका सकाळी ट्रे ठेवून लगेच गेला नाही. उभाच राहिला. मग हळूच म्हणाला, "पोरी, अंड्याशिवाय चॉकलेटचं काहीतरी मऊ, सायीसारखं करता येईल का गं?" मला वाटलं, काकांना ताप आलाय. खाटकाने येऊन मेथीचा भाव विचारावा, तसं झालं ते.

मग कळलं. काकांच्या लेकीची मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती, आणि तिला अंडं चालत नाही. आवडत नाही असं नव्हे हो, चालतच नाही. चुकून पोटात गेलं की अंगभर गांधी उठतात, घसा सुजतो. एकदा तर श्वास अडकून तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की सगळी पोरं केकभोवती, आणि ही बाकावर आपला डबा उघडून बसलेली. डब्यात चिरलेली फळं. आता सुट्टीत ती इथे काकांकडे आली असताना तिचा स्वतःचा वाढदिवस आला, तर ती आईला म्हणाली की माझा करूच नका. हे सांगताना काका ट्रेची कड नीट करत होते, जी आधीच नीट होती.

मी म्हटलं, चॉकलेट पाय करूया. पाय म्हणजे चालायचा नव्हे, खायचा. खाली खुसखुशीत कवच, आत गार, दाट चॉकलेट. काकांनी एकच अट घातली. "आजाऱ्याचं खाणं करू नकोस. बाकीच्या पोरांनी तिच्या ताटात हात घातला पाहिजे."

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? अहो, अंडं दुधाला धरून ठेवतं. ते काढलं की दूध मोकाट सुटतं. मी कॉर्नफ्लोअरवर भिस्त ठेवली. पहिल्या खेपेला काकांनी ताटली तिरकी करून विचारलं, हे कापायचं की प्यायचं? दुसऱ्या खेपेला चमचा आत शिरेना. तेव्हा म्हणाले, चांभाराला दाखव, तो घेईल. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं, पण जिभेवर कच्चं पीठ राहिलं. आयुष्यभर अंडी विकलेला माणूस रोज सकाळी माझ्या ओट्यापाशी उभा राहून अंडं नसलेल्या पदार्थात खोड काढत होता, आणि मी निमूट ऐकून घेत होते. दादा विचारायचा, तू आजारी आहेस का?

शेवटी गणित बसलं. कॉर्नफ्लोअर, कोको आणि साखर थंड दुधात कालवून घ्यायचं. मंद आचेवर ढवळायचं, आणि बुडबुडे फुटायला लागले की हुरळून उतरवायचं नाही, आणखी थोडं शिजू द्यायचं. कच्चेपणा तिथे जातो. मग उतरवून काळं चॉकलेट, लोणी, क्रीम, चिमूटभर मीठ. वर पापुद्रा धरू नये म्हणून कागद अगदी अंगालगत लावायचा आणि गार व्हायला ठेवायचं. काकांनी चमचा चाटला आणि पातेलं पुढे ओढून पुन्हा बुडवला. काकांना खोड सापडली नाही ही बाजारात बातमीच होती.

वाढदिवसाच्या दिवशी आम्ही ओटा घासून काढला, भांडी नवी आणली. कवच दादाने केलं, सारण मी. दुपारी काका न्यायला आले. मी झाकण उघडलं. काकांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"ही कड कुणी केली?"

दादा ऐटीत म्हणाला, मी.

"ही चमक माझ्या दुकानाची आहे," काका म्हणाले.

दादाने कवच भट्टीत सारण्याआधी कडेवर फेटलेलं अंडं फिरवलं होतं. मुद्दाम कोण करेल? जन्मभर फिरवत आलाय, हाताने त्याला न विचारताच काम उरकलं. दादा मटकन पिठाच्या पोत्यावर बसला. दादा, मान खाली घालू नकोस. ते पोरीच्या तोंडात गेलं असतं तर काय झालं असतं, हे त्या क्षणी आम्हा तिघांना कळलं होतं, आणि काकांनी तुला एका शब्दाने दुखवलं नाही. ते एवढंच म्हणाले की संध्याकाळ लांब आहे, पुन्हा लावा.

पुन्हा लावलं. ओटा परत घासला. कवच साधंच भाजलं, बिनचमकीचं. आइस्क्रीमवाल्या वहिनींनी आपला फ्रीझर अर्धा रिकामा करून दिला, नाहीतर ते गार झालंच नसतं. वहिनी, तुमचे उपकार कसे विसरू? काका मात्र आत यायला तयार नव्हते, अंगावर सकाळपासूनचा माल आहे म्हणून. बोळातल्या खिडकीबाहेर उभं राहून "ढवळ, ढवळ" करत होते. शेवटी मी त्यांना रागावले.

काकांच्या घरी पोचवायला मीच गेले, गल्लीतली सगळी पोरं जमली होती. नातीने स्वतः कापला, स्वतः वाटला. मोठ्या दिमाखात सगळ्यांना सांगत होती की हा माझ्यासाठी केलाय. थोड्या वेळाने बघते तर भोकाड पसरून आजोबांकडे आली. "आजोबा, त्यांनी माझा तुकडा पण खाल्ला!" आणि आमचे काका हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसू थांबत नाही. पोरगी आणखीच चिडली. मी धावत बेकरीत जाऊन पातेल्यात उरलेलं खरवडून आणलं, ते तिने बोटाने चाटून संपवलं. मला आजवर पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण त्या रडण्याची सर कशालाच नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. तो पाय इतका खपायला लागला की आमची अंड्यांची मागणी घटली. आणि काका आपल्याच दुकानात उभे राहून गिऱ्हाइकांना आमच्याकडे पिटाळायचे. असा धंदा कुणी करतं का हो?

मॅनेजरसाहेब मघाशी म्हणाले की काका आता दुकान बंद करून विश्रांती घेणार. काका स्वतः सगळ्यांना गुडघे दुखतात म्हणून सांगतात. खरं कारण मला काकूंनी सांगितलं, आणि काकू, मी ते बोलणार आहे, तुम्ही डोळे वटारू नका. लेक आणि नात उद्यापासून कायमच्या इथे राहायला येताहेत. खाली दुकान, वर घर. आजवर ती सुट्टीला यायची, तेव्हा अंगाला कुठे अंडं लागलेलं असेल म्हणून काका मागच्या नळावर आंघोळ करून, कपडे बदलून मगच जिना चढायचे. पोरीलाही ते कळून गेलं होतं. आजोबा दिसले की धावत यायची, आणि अंतरावर थांबायची. हात मागे बांधून.

आम्ही म्हटलं, काका, नोकर ठेवा, माल दुसरीकडे हलवा, एवढा जमलेला धंदा मोडू नका. ते कुणाशी वाद घालत बसले नाहीत. काकूंना मात्र म्हणाले, "ती थांबते गं. मला ते बघवत नाही."

मंडळाने मला बोलायची संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. ओघात कुणाचं काही उघडं पाडलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आपल्या धाकटीचं आहे म्हणून पोटात घाला.

आणि काका, दुकान कालच धुऊन झालंय, मी बघून आले. उद्या ती धावत येईल आणि थांबणार नाही. तेवढे गुडघे सांभाळा.