मेढीखालची मोटारीची चिठ्ठी

मी ढिवराची, मास्तर. चिमूरकडचं माह्यं माहेर, तलावाच्या पाळीवर घर, आन् लगन होऊन आली तेही तलावाच्याच गावात, म्हनजे सारी जिनगी चिखलात आन् मासोळीत गेली. घरवाला लवकर गेला, पोट्टा तवा रांगत होता. मंग माह्या पाठचा भाऊ, सोमा, तो माहेर सोडून इथी राहाले आला. त्यानंच पोट्ट्याले पोहनं शिकवलं, जाळं फेकनं शिकवलं, आन् घरात पैसा पाह्यजे म्हनून बल्लारपूरकडं कोळशाच्या खानीत गेला त एक पाय तिथीच ठेवून आला. काय सांगू तुमाले, मले वाटे हा आता हाय खाऊन मरते, पन तो म्हने, बाई, मले याच्या लगनात मामा म्हनून मांगं उभं राहाचं हाये, कुबडीवर का होईना.

पोरगी पाह्यली ते डोंगराच्या पल्याडची. जंगलातून पायवाटेनं गेलं त एक दिवस, बैलगाडी वळसा घालून जाते त दोन दिवस. सोमा म्हने मोटार करू, खानीतून भेटले ते पैसे कवा कामी येतीन? आमच्या गावात कोनी मोटारीनं वरात नेली नव्हती, मास्तर. बाजाराच्या गावी गेलो, मोटारवाल्या शेठच्या मुनीमानं पैसे आधीच घेतले सारे, चिठ्ठी देल्ली, तिच्यावर शिक्का मारला, लगनाच्या आदल्या दिवशी सकाळी मोटार तुमच्या दारात म्हने.

आता माह्या अकलेची गोष्ट आयका. मांडवाची मेढ गाडतेत तवा खड्ड्यात हळद, तांदूळ, सुपारी टाकतेत ना, त मी म्हनली हा कागदही शुभ, या घरी पहिल्यांदा मोटार येऊन राह्यली, टाका यालेही. साऱ्या बाया हो बाई हो बाई करत राह्यल्या, एकीनंही नाई म्हनलं नाई. टाकली चिठ्ठी, वरून मेढ गाडली, मीच पानी शिपडलं.

त्या दिवशी सोमा धुतलेलं धोतर घालून, फेटा बांधून, उजाडल्यापासून छपरीत बसला. दहा वाजले, बारा वाजले. मंग सायकलवर एक मानूस आला, म्हने मोटार शिकारीच्या सायेब लोकांनी नेली, येत नाई. एवढं सांगून पानी पिऊन गेला बापा, जसा काई मासोळीचा भाव सांगाले आला होता!

बैलगाडी जुंपली असती त लगनाची वेळ टळून गेली असती. पोट्टा म्हने मामाबिगर मी जात नाई. सोमा असा खवळला त्याच्यावर, म्हने तिकडं पोरगी हळद लावून बसली हाये, चाल, निंघ! आमी निंघालो पायी. वळून पाह्यलं त तो फेटा बांधूनच बसला होता. मले सारी वाट रडूच येत होतं, आन् त्या शेठले शिव्या देत होती मी, जंगलातल्या साऱ्या झाडांनी आयकल्या असतीन.

लगन लागलं. आल्यावर मुनीमाकडं गेली, म्हनली पैसे वापस दे. तो म्हने, पैसे वापस भेटत नाई बाई, पुढच्या बुधवारी मोटार घेऊन जा, पूर्न दिवस तुमची. मी म्हनली, काऊन? बुधवारी अखीन लगन लावू का पोट्ट्याचं? तो म्हने, बरं, चिठ्ठी दाखवा.

चिठ्ठी! मांडव उतरवेपर्यंत मेढ हलवता येत नाई, तेवढे दिवस दातओठ खात बसली. मंग मेढ उपटली त खाली काय, हळद, वाळवी आन् मातीचा गोळा. तोच गोळा फडक्यात बांधून नेला. मुनीम हासला ना मास्तर. म्हने याच्यावर नंबर कुठी हाये? माह्यं डोस्कंच फिरलं. बाजाराचा दिवस होता, वाळल्या मासोळीची टोपली उचलली, बाजाराच्या लोकांनी भरलेल्या त्याच शेठच्या मोटारीत सर्व्यात समोर जाऊन बसली आन् टोपलीवरचं फडकं काढलं. म्हनली तुहा शिक्का मातीत गेला त जाऊ दे, याचा वास जात नाई. लोक नाक दाबून खाली उतराले लागले, डायवर बोंबलाले लागला. घंट्याभरात शेठ सोता आला, पैसे हातात ठेवले आन् वर मलेच म्हने, बाई, तुमी लय भांडखोर. हो, हाये!

घरी येऊन पैसे सोमाच्या हातावर ठेवले. त्यानं पाह्यलेही नाई. म्हने, बाई, माह्या जागेवर कोन उभं होतं?

पोरीकडचाच एक कोनी मानूस केला होता उभा, मास्तर, आमाले त्याचं नावही मालूम नाई. मी म्हनली, कोनी नाई रे, तुही जागा रिकामी ठेवली होती. त्याले लय बरं वाटलं. आता चार वर्षं झाले, नातू झाला, सोमाच्याच मांडीवर खेळते, आन् येनाऱ्या जानाऱ्याले तो अजूनही सांगते का माह्या भाच्याच्या लगनात मामाची जागा रिकामी ठेवली होती.

तुमी सारं लिहून राह्यले, लिहा, देव तुमचं भलं करो. फकत त्याले वाचून दाखवान तवा हे शेवटचं सोडून द्या.