दहावा माणूस

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्या मास्तरीणबाईंच्या कानांवर मागच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. एक म्हातारा शिंपी आणि दुसरा त्याचा मेहुणा, सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, किल्ल्या सांभाळणारा.

“दाजी, पोराचा फोन आला?”

“आला! चार दिवसांनी. तिकडे परदेशात लढाई पेटलीय ना, तळघरात आहे. वर सायरन, खाली सगळी बिल्डिंग.”

“आणि तुम्ही हसताय?”

“ऐक तरी. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तिथे नऊच. सगळे म्हातारे याच्याकडे बघत बसले.”

“आपल्या दिवट्याकडे? शनिवारची प्रार्थना आली की ज्याचं पोट दुखायचं?”

“तोच. उठला म्हणे. अर्धे शब्द विसरला होता, पण शेवटपर्यंत उभा राहिला.”

“काय सांगता!”

“वीस वर्षं मी घसा कोरडा केला रे.”

“सुखरूप परत येऊ दे म्हणजे झालं.”

“येईल. म्हणाला, आता रोज उभा राहतो.”

“बरं, तुमचं ऑपरेशन कधी?”

“शुक्रवारी. मग चार दिवस घरात पडून राहायचं. शनिवारी प्रार्थनेला तुम्ही किती उरता?”

“थांबा. एक, दोन...”

“अरे, माणसं अशी मोजू नयेत, नजर लागते! ‘नाही’ लावून मोज.”

“एक नाही, दोन नाही, तीन नाही...”

बोटं दुमडत दुमडत मेहुणा ‘नऊ नाही’पाशी थांबला. एक बोट ताठच राहिलं.

तेवढ्यात सिस्टरने शिंप्याला आत बोलावलं. तो दारातच थांबला.

“सिस्टर, आधी तारीख बदला. रविवार द्या.”

“का हो आजोबा, भीती वाटते?”

“छे! पोरगा तिथे उभा राहिलाय, मग बाप इथे आडवा कसा पडेल?”