बाबांची खुर्ची

इंडियानातल्या आमच्या कॉलेजची बास्केटबॉलची तिकीटखिडकी. रांगेत माझ्या पुढे एक आजोबा आणि एक आजी, सामन्यांना वर्षानुवर्षं शेजारी बसणारे.

“काय व्हर्लिन, पुढच्या हंगामाच्या खुर्चीचे पैसे भरायला?”

“नाही डोरीनबाई, खुर्ची परत करायला. बाबांनी मृत्युपत्रात माझ्या नावे केली होती. पण त्यांना हा कोच कुठे माहीत होता!”

“काल शेवटच्या मिनिटाला पोरं नुसती सैरावैरा पळत होती हो.”

“आणि हा हाताची घडी घालून उभा! खेळ थांबवायचे टाइमआउट सगळे शिल्लक. साठवून काय पोरीच्या लग्नात वाढणार आहे?”

“पेपरात म्हणालाय, पोरं अजून शिकताहेत.”

“चार वर्षं? तेवढ्यात माझा नातू पदवी घेऊन, लग्न करून, घटस्फोट घेऊन मोकळा झाला!”

“पण तुम्ही सोडलीत तर ती खुर्ची कुणाला जाणार, ठाऊक आहे? दातांचे डॉक्टर क्लेमर. कधीपासून टपून बसलेत.”

“तो? हरलो तरी टाळ्या वाजवणारा?”

“उभं राहून.”

“माझ्या बाबांच्या खुर्चीत?”

“खुर्चीपुढे. बसतात कुठे ते!”

खिडकीतून आवाज आला.

“पुढचे या. बोला आजोबा.”

“हे घ्या पैसे. खुर्ची तीच. आणि त्या कोचला सांगा, मी येतोय.”

“बाई, तुमचं?”

“मी खरं तर माझी सोडायलाच आले होते. पण आता हे उठून ओरडणार, तर कोट ओढून खाली बसवायला कुणीतरी नको?”