उपाशी ठेवायची रात्र

(मागचं अंगण. पत्र्याच्या सावलीत टेबल, त्यावर कापलेली एक कोंबडी, दोन बादल्या, चुलीवर गरम पाण्याचं पातेलं. जाळीत बारा पांढऱ्या कोंबड्या, बहुतेक बसलेल्या.)

बायको: हात लाव इथे. लाव म्हणते ना. काय लागतंय?

नवरा: गळा.

बायको: गळा मलाही दिसतो. त्याखालची पिशवी बघ. ठासून भरलीय. ही चिरली नि आलं सगळं खाद्य बाहेर. अजून धड भिजलंसुद्धा नाही. म्हणजे आज पहाटेचं.

नवरा: मग राहू दे आज. पुढच्या रविवारी करू. भरल्या पोटी कापलं तर मांसाला घाण लागते.

बायको: हा तिसरा रविवार आहे. सातव्या आठवड्यात कापायच्या होत्या, आज नववा संपला. ही जात म्हातारी व्हायला जन्मलेलीच नाही. बघ त्यांच्याकडे. छातीच्या वजनाने पाय फाकलेत. सात मेल्या, बसल्या जागी. पाणी हातभर लांब होतं, तिथवर जाता येईना. आणि तू म्हणतोस राहू दे.

नवरा: आईने परत घातलं, त्याला मी काय करू?

बायको: आईंनी.

नवरा: मग कोणी? आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायच्या, एवढं साधं. भिंतीवर चिठ्ठी लावली. तिला वाचून दाखवली. विसरते ती. म्हणून तर वृद्धाश्रमाची गाडी येतेय.

बायको: किती वाजता?

नवरा: बाराला. तूच ठरवलंस फोनवर.

बायको: मीच. आणि फॉर्म तू भरलास. 'जनावरांना पुन्हा पुन्हा खायला घालते, घातलेलं आठवत नाही.' तुझं अक्षर. सुंदर आहे.

नवरा: पाणी फार तापलंय. पिसांबरोबर कातडी निघेल. मी जरा गार पाणी...

बायको: पाण्याला हात लावू नकोस. सुरीलाही नको, नऊ वाजेपर्यंत घासतच होतास ती, म्हणून मी घेतली हातात. इकडे बघ. काल रात्री मी आईंच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं.

नवरा: काय?

बायको: लाज वाटली. पण घातलं. किल्ली या खिशात. सकाळी उघडलं तर त्या पलंगावर बसलेल्या, चपला घालून, मुकाट. संडासला जायचं होतं त्यांना. कधीपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही मला.

नवरा: कुलूप? माझ्या आईला?

बायको: आवाज चढवू नकोस, शोभत नाही तुला. खाद्य कोणी घातलं? मी नाही. त्या नाहीत. उंदरांनी डबा उघडून पंगत वाढली?

नवरा: मागच्या खेपेला...

बायको: मागच्या खेपेला सहा कापल्यास. मी कामावरून आले तर म्हणालास, काही नाही ग, चुटकीसरशी झालं.

नवरा: पाच. पाच झाल्या. सहावीला सुरी अर्धीच लागली. उलटी अडकवतो त्या नरसाळ्यातून निसटली, टेबलाखाली गेली आणि टिपायला लागली. सांडलेलं खाद्य टिपत होती ग. टिपायची, ते गळ्यातून खाली पडायचं. पुन्हा तेच टिपायची. मी बघत राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

बायको: मग वर आणखी वीस पिल्लं कशाला आणलीस?

नवरा: कारखाना बंद झाल्यापासून तू सकाळी निघताना माझ्याकडे ज्या नजरेने बघतेस ना... काहीतरी करतोय असं दिसायला नको?

बायको: आणि कापायची वेळ आली की पहाटे उठून मूठभर टाकायचं.

नवरा: पहिल्यांदा वाटलं, एकच आठवडा ढकलू. तू ओरडलीस, कोणी घातलं म्हणून, आणि आई पटकन म्हणाली, माझ्याकडूनच झालं असेल. मी खोटं नाही बोललो. मी फक्त गप्प बसलो.

बायको: फक्त! डॉक्टरसमोरही फक्त गप्प. त्या आपल्या तोंडाकडे बघत होत्या, काय उत्तर देऊ म्हणून. आपण माना हलवल्या. मीसुद्धा, नंदीबैलासारखी. चष्मा विसरतात, तो मीही विसरते. त्या कागदावर दुसरं होतं काय? कोंबड्याच होत्या.

नवरा: तुलाही ती जायला हवीच होती.

बायको: हो. थोडं वाटत होतं मलाही, त्या जाव्यात. दिवसभर लोकांच्या चादरी धुऊन आल्यावर घरात कोणीच नसावं असं वाटतं मला. तूसुद्धा. पण तुझ्या खोट्यावर जायला नकोत. जा, सांग त्यांना. मी गाडीवाल्याला फोन करते.

नवरा: एकच जागा निघालीय. सोडली तर पुन्हा मिळायची नाही. उद्या खरंच विसरायला लागली तर?

बायको: भित्र्या. कोंबडीला भितोस, बायकोला भितोस, आता आईलाही. सुरी मी धरली, तोंड तरी तू उघड.

आई: कोण कोणाला भितंय रे? माझी पिशवी भरून झाली. दातांची डबी तेवढी राहिलीय. अगं बाई, एकच झाली होय? या चालीने गाडीवाल्यालाही पिसं काढायला बसवाल.

बायको: आई, बसा इथे. याला काही सांगायचंय.

आई: उभीच बरी. बसले की उठवायला दोघं लागतात.

नवरा: आई, खाद्य मी घालत होतो.

आई: कोणाला?

नवरा: कोंबड्यांना. पहाटे. तिन्ही वेळा मीच. तू नाही घातलंस.

आई: असं नको बोलूस, बाळा. मला पाठवायचं तुझ्या जिवावर आलंय, कळतं मला. म्हणून अंगावर घेतोस.

नवरा: अंगावर घेत नाहीये. खरं सांगतोय.

आई: अरे, मला आठवतंय ना. आधी नव्हतं आठवत, तेव्हा फार घाबरायचे. तुम्ही दोघं इतकं सांगायचात आणि माझ्या डोक्यात कोरं. आता सगळं दिसतं. डब्याचं झाकण घट्ट होतं, नख दुखावलं माझं. त्यांना उठता येत नव्हतं, नुसत्या माना ताणत होत्या माझ्याकडे. म्हटलं, खा ग बायांनो, सकाळी मरायचंय तुम्हाला.

बायको: आई, काल तुमच्या दाराला कुलूप होतं. मी घातलं होतं.

आई: होतं ना. मी ओढून बघितलं दार.

बायको: मग?

आई: मग खिडकीतून गेले असेन.

नवरा: खिडकीला गज आहेत, आई.

आई: हो रे, आहेत. मग कशी गेले असेन मी?