मालक जेवायला येणार

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?

अगं, तू होय! बोल ना… नाही गं, रडत कशाला असेन? कांदा चिरतेय. फोन मान वाकडी करून धरलाय, मध्येच पडला तर समजून घे.

हो… हो, खरंय. आजच, दुपारच्या जेवणाला… अगं, मलाच अजून खरं वाटत नाहीये, तुला काय सांगू! एवढा काचेच्या कारखान्याचा मालक. तो निवडणुकीला उभा राहतो काय आणि आमच्या दोन खोल्यांत जेवायला येतो काय!

पण तुला कुणी सांगितलं?… सगळीकडे झालंय? बरं. असेल.

मान?… हो, मान आहेच, नाही कुठे म्हणतेय मी. पण मला सांग, आमचंच घर का? कारखान्यात माणसं काय कमी आहेत? अगं, इतकी वर्षं हे भट्टीवर उभे राहिले, मालकांनी यांना कधी नावानं हाक मारली नाही. ‘ए भट्टीवाले’, एवढंच. आणि परवा स्वतःहून फोन! ‘घरी येतो, वहिनींच्या हातचं खातो.’ वहिनी म्हणे! मी कधीपासून वहिनी झाले?

हसू नकोस. ऐक तर खरं.

सकाळीच त्यांच्या प्रचाराची माणसं आली. मला वाटलं, आवरायला मदत करतायत. तर म्हणे, फ्रीज हलवा… हो, नवा फ्रीज! म्हणे फोटोत बरा दिसत नाही. मी म्हटलं, का हो, वाईट काय आहे त्यात? तर एक जण म्हणतो, ‘ताई, घर जरा साधं दिसायला हवं.’… अगं हो ना! मग फ्रीजवर चादर टाकली. सोफा उचलून आतल्या खोलीत नेऊन उभा केला, आता झोपायला जागा नाही. आणि टेम्पोतून एक जुनं टेबल आणलं, एका पायानं लंगडं. त्याखाली पुठ्ठा कोंबलाय.

ऐक ना, पुढचं तर ऐक. मी कोंबडी आणून ठेवली होती. ‘कोंबडी नको, बटाटे उकडा.’ अगं, पाहुण्याला कोणी बटाटे उकडून घालतं का? आपल्याच घरात आपण शोभेनासे झालो बघ!

हे? हे बसलेत आत. कारखान्याचा निळा शर्ट घालून. सुट्टीच्या दिवशी! तसं सांगूनच गेलेत ती प्रचाराची माणसं… खूश? काय माहीत. परवा फोन आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं यांच्या. आज सकाळपासून नुसते त्या लंगड्या टेबलाकडे बघत बसलेत.

आणि फोटो कसा काढायचा तेसुद्धा ठरलंय. मालक यांच्या शेजारी बसणार, खांद्यावर हात टाकणार, हे हसणार. उद्या तो फोटो चौकाचौकात लागणार. पहिला कुठे, माहितीये? कारखान्याच्या फाटकावर.

नाही गं, मी उगाच शंका घेत नाहीये. पाणी कुठेतरी मुरतंय.

सोमवारी काय आहे, आठवतंय ना?… सोमवारी, अगं! सुनावणी नाही का? मिशीवाल्यांची.

विसरलीस कशी? आमच्या शेजारचे. भट्टीची भिंत फुटली तेव्हा दोन्ही हात भाजले ते. अजून घास उचलता येत नाही, बायको भरवते. मालक म्हणतात, कामावर डुलकी लागली असेल. आणि हे बाजूलाच उभे होते. भिंतीला तडा गेलाय म्हणून यांनीच साहेबांना दोनदा दाखवलं होतं. सोमवारी तेच तर सांगायचंय यांना. दुसरं कोणी तयारच नाही बोलायला.

हो… हो, मलाही कळतं की एका फोटोनं साक्ष थांबत नाही. साक्ष हे देतीलच. पण ऐकणार कोण, सांग ना? आज मालकाबरोबर एका ताटात जेवले आणि सोमवारी त्याच्याविरुद्ध बोलले! लोक म्हणतील, आणखी हवं असेल काहीतरी. नाही बोलले, तर म्हणतील विकले गेले. म्हणजे बोलले तरी खोटे आणि गप्प बसले तरी खोटे. आणि भिंतीपलीकडे मिशीवाले बसलेत, हातांना पट्ट्या बांधून. त्यांच्या कानावर काय जाणार? आमच्या घरातलं हसणं!

काय म्हणालीस?

नाही, परत म्हण… ‘ते तर आज तपासणीला गेलेत.’

कोण म्हणालं तुला?

नाही, मिशीवाले तपासणीला जाणार होते हे तुला कोण म्हणालं? कारण मलाच अर्ध्या तासापूर्वी कळलंय, जिन्यात. त्यांची बायको भेटली. म्हणाली, सकाळी दारात गाडी येऊन उभी राहिली. मोठ्या दवाखान्यात फुकट तपासणी, संध्याकाळी परत आणून सोडतो. मिशीवाल्यांनी गाडी परत पाठवली. म्हणाले, परवाच तर दाखवून आलोय. घरीच आहेत ते. हे मी अजून यांनासुद्धा सांगितलं नाही. आणि तू गावाच्या दुसऱ्या टोकाला बसून…

थांब. मध्ये बोलू नकोस.

तुझे हे सध्या कुठे असतात गं?… नाही, सरळ सांग. प्रचाराच्या कचेरीत ना?… कधीपासून?… आणि मला बोलली नाहीस.

आमचं घर कुणी सुचवलं?

हॅलो?… आहेस ना?… मग बोल.

…

हं.

हं… काय देणार म्हणाले तुझ्या ह्यांना? गोदामाची मुकादमी… बरं… अगं, रागावत नाहीये. कांदा चिरून संपलाय, आवाज असाच झालाय.

तुला माहीत होतं? सोमवारचं?… नाही, ‘तसं नाही गं’ नको. माहीत होतं की नव्हतं?

…बरं. समजलं.

नाही, ठेवू नकोस. फोन ठेवायचा नाही. तूच लावलायस, आता ऐक.

अहो! अहो, जरा इकडे या. बसू नका, उभेच राहा… आपलं घर उगाच नाही निवडलं. मिशीवाल्यांना आज तपासणीच्या नावाखाली गाडीत घालून न्यायला माणसं आली होती. हो, आजच… कोण म्हणजे? मालकांचीच. आपला पाहुणा येणार, आणि शेजारी घरात नको… हो, धाकटी आहे फोनवर. तिच्या नवऱ्यानंच आपलं घर दाखवलंय… नाही, तिच्याशी नंतर बोला. आधी सांगा, काय करायचं?

…

शर्ट काढतायत गं. बटणं काढतायत… आता घरातला सदरा घातला.

अहो, मग हे बटाट्यांचं पातेलं तिकडे न्या. हो, मिशीवाल्यांकडेच. भातही न्या. आणि झाकणाखाली कोंबडी आहे, तीसुद्धा… केली होती मी, कोणी काही म्हणो. जपून, गरम आहे.

गेले.

काय? वेड नाही लागलं मला… जाईल. जाईल यांची नोकरी, नाहीतर राहील. ते मलाही कळतं. पण सोमवारनंतर मला ह्याच जिन्यात उभं राहायचंय ना? मिशीवाल्यांच्या बायकोसमोर?

गाड्या आल्या बघ. खाली किती हॉर्न… फुलं, कॅमेरे, सगळं लटांबर. वर येतायत. ठेवू नकोस.

या, या साहेब!… हो, मीच… नाही, बूट काढू नका, इथे बसायचंच नाहीये. जेवण शेजारी वाढलंय… हे तिथेच आहेत… मिशीवाल्यांकडे. तुमच्याच भट्टीवरचे. हात भाजलेत ना त्यांचे, त्यांना बाहेर पडायला त्रास होतो, म्हटलं आपणच जाऊ… अहो, साधंच आहे जेवण, बटाटेच आहेत. ते तुमच्या शेजारी बसतील, त्यांना भरवायला लागतं एवढंच… हो, फोटोवाल्यांनाही बोलवा ना, जागा करू.

…

हो का?… आत्ताच फोन आला का?… नाही, नाही, तुमचीही धावपळ असते. पाच मिनिटंही नाही?… बरं.

…हॅलो? ऐकलंस ना?

मालक शेजारच्या दारापर्यंत गेला. दार उघडंच होतं. मिशीवाले समोरच बसलेले, बायकोच्या हातात घास. त्यांनी मान वर करून बघितलं, आणि मालक तिथल्या तिथे थबकला. कॅमेरेवाल्यानं कॅमेरा वर केला, तर मालकानं हातानंच तो खाली केला. चेहरा मात्र हसराच ठेवला हं, मानलं पाहिजे. मग हे उठून बाहेर आले. मला वाटलं, आता पाया पडतात की काय. तर म्हणाले, ‘साहेब, सोमवारी भेटूच.’ एवढंच.

उतरतायत खाली. माणसं वर बघतायत, बायका गॅलरीत उभ्या… नाही, कोणी टाळ्या वगैरे नाही वाजवल्या.

आता तू का रडतेस?… तुझ्या यांचं काय होईल ते मला नाही माहीत. आमचं काय होईल तेही नाही माहीत… अगं, बहीण आहेस, त्याला काय इलाज! जेवायला ये. कोंबडी पुष्कळ आहे. मिशीवाल्यांना काय सांगायचं ते तूच सांग, तुझ्या तोंडानं.

ये. पण एकटी ये.

आणि ऐक, फोन घरी ठेवून ये. फोटो नकोत.