मनगटाखालची उशी

बाबा — ऊठ. आधी त्या खुर्चीवरून ऊठ.

मुलगी — बाबा, पुढचा तास सुरू होईल एवढ्यात. मी जिच्यासाठी टाइप करते त्या कॉलेजच्या मुलीचे प्राध्यापक एकदा पडद्यावर बोलायला लागले की मला मान वर करता येत नाही. तिला ऐकू येत नाही, मी टाइप करीन तेवढंच तिला दिसतं.

बाबा — म्हणून तर आत्ता म्हणतोय. कोपर बघ तुझं, पार टेबलाखाली. आणि मनगट घाट चढतंय! माझ्या टायपिंगच्या क्लासात अशी बसली असतीस तर बाहेर उभं केलं असतं.

मुलगी — केलं होतंत.

बाबा — मग काही उपयोग झालेला दिसत नाही.

मुलगी — सगळ्यांसमोर. आणि वर 'सर' म्हणायला लावायचात. घरी बाबा, जिना उतरून क्लासात आलं की सर.

बाबा — नाहीतर पोरं म्हणाली असती, मास्तर आपल्या पोरीच्या चुका पोटात घालतात. हं, खुर्ची वर केलीय, आता बस. पाय टेकतात?

मुलगी — लोंबकळतायत.

बाबा — ते खोकं दे इकडे. काय आहे त्यात?

मुलगी — जुन्या वायरी.

बाबा — त्यांना पाय लागलेला चालेल. ठेव. बघ, आता माणसासारखी बसलीस. बोटांना रात्री मुंग्या येतात ना अजून?

मुलगी — तुम्हाला कोणी सांगितलं?

बाबा — तुझ्या आईनं. तू तिला बजावलं होतंस ना, बाबांना सांगू नकोस म्हणून? आपल्या घरात बातमी पोचवायची तीच तर पद्धत आहे.

मुलगी — थोड्या येतात. हात झटकला की जातात.

बाबा — आणि हातातून कप सुटला.

मुलगी — तेही?

बाबा — कपाचा रंगसुद्धा. हे घे.

मुलगी — काय आहे?

बाबा — उशी. मनगटाखाली ठेवायची. मी शिवलीय.

मुलगी — तुम्ही? तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही.

बाबा — बटण ही वेगळी विद्या आहे. कापड ओळखलंस?

मुलगी — टाइपरायटरचं झाकण. क्लासातल्या खिडकीजवळच्या मशीनचं.

बाबा — तुझ्या मशीनचं. मशीन गेलं, झाकण तेवढं राहिलं होतं. आत जुन्या गादीचा कापूस आहे. ठासून भरलाय, इतक्यात बसायचा नाही.

मुलगी — बाबा, ही वीट आहे.

बाबा — वापरून मऊ होईल. ठेव मनगट.

मुलगी — पण तुम्हीच ना? 'मनगट टेकलं तो आळशी.' हाताच्या पाठीवर खोडरबर ठेवायचात. पडला की ओळ पहिल्यापासून.

बाबा — ते क्लासातल्या पोरांना. ती तासभर यायची आणि हुंदडायला जायची. तू दिवसभर बडवतेस. टेक गं जरा. बरं वाटतंय?

मुलगी — बाबा, आले ते पडद्यावर. सुरू झाला तास.

बाबा — एवढं सांग, बरं वाटतंय का?

मुलगी — हो, हो. वाटतंय. जाताना दार ओढून घ्या हं.

बाबा — घेतो. आणि तुझ्या ऑफिसला सांग, जोडीला माणूस द्या म्हणावं. सलग इतका वेळ एकट्यानं करायचं काम नाही हे. ऐकतेयस का?... बरं. चालू दे तुझं.

*

(दोन महिन्यांनंतर. हातांवर उपचार करणाऱ्या बाईंकडे.)

थेरपिस्ट — घरून कीबोर्ड आणलात ना? छान. सगळं रोजच्यासारखं मांडा आणि टाइप करा. मी बोलते, तुम्ही उतरवून घ्या. आज सकाळी माझी गाडी चालू झाली नाही, म्हणून मी चालत निघाले, तर वाटेत... बास, बास. जुन्या मशीनवर शिकलात?

मुलगी — कशावरून?

थेरपिस्ट — तुम्ही बटण दाबत नाही, बदडता त्याला.

मुलगी — वडिलांचा टायपिंगचा क्लास होता.

थेरपिस्ट — तरीच. त्या मशीनला जोर लागायचा. याला फुंकरसुद्धा पुरते. मांजराच्या पाठीवर बोट फिरवावं तितकं हलकं करायचं. सवय जायला वेळ लागेल, पण जाते. मुंग्या कुठल्या बोटांना?

मुलगी — अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं. करंगळीला नाही.

थेरपिस्ट — करंगळी मजेत आहे. तिची नस वेगळ्या वाटेनं जाते. तुमची दबतेय ती मनगटाच्या मधोमध जाणारी. रात्री मनगट दुमडून झोपता?

मुलगी — उशाखाली घेऊन.

थेरपिस्ट — झालं तर मग. दिवसा बदडायचं आणि रात्री मुरगाळून ठेवायचं. रात्री हा पट्टा बांधायचा, मनगट सरळ राहतं. दिवसा अधूनमधून उठायचं, हात खाली सोडायचे, बोटं उघडायची-मिटायची. व्यायाम दाखवते, पण जोर लावून करायचे नाहीत. दुखलं की थांबायचं.

मुलगी — करीन.

थेरपिस्ट — कीबोर्ड असा जवळ घ्या. कोपर अंगालगत.

मुलगी — बरं.

थेरपिस्ट — आणि ही उशी काढायची.

मुलगी — ती नाही.

थेरपिस्ट — मनगट हिच्यावर टेकवून तुम्ही टाइप करता, म्हणजे जी नस मोकळी व्हायला हवी तिच्यावरच हाताचा भार टाकता. त्यात ही उंच. हात पुढे खाली वाकतो, बघा.

मुलगी — पट्टा बांधते. व्यायाम करते. खुर्चीही बदलते हवी तर. ही राहू दे.

थेरपिस्ट — बाकी सगळ्याला मुकाट्यानं हो म्हणालात. हिच्यावरच का अडलंय घोडं?

मुलगी — वडिलांनी शिवलीय.

थेरपिस्ट — अहो, मग फोन लावा त्यांना. मीच बोलते. बाबा मंडळींना कसं पटवायचं ते मला बरोबर येतं.

मुलगी — ही दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

थेरपिस्ट — ...माफ करा.

मुलगी — तुम्हाला कसं माहीत असणार?

थेरपिस्ट — बसा थोडं. घाई नाही. पाणी?

मुलगी — नको.

थेरपिस्ट — क्लासात त्यांनी असंच शिकवलं होतं? टेकवून?

मुलगी — छे. मनगट टेकलं की आवाज चढायचा. हाताच्या पाठीवर खोडरबर ठेवून टाइप करायला लावायचे. हात सपाट राहिला तरच तो टिकायचा.

थेरपिस्ट — खोडरबर! उद्यापासून मीही ठेवायला लावणार सगळ्यांना. मी इतका वेळ दुसरं काय सांगतेय? सरळ मनगट, अधांतरी हात. मग त्यांनीच ही उशी कशी काय शिवली?

मुलगी — क्लासात ते सर होते. ही बाबांनी शिवली.

थेरपिस्ट — हं.

मुलगी — म्हणजे सरांचं बरोबर होतं.

थेरपिस्ट — अगदी.

मुलगी — आणि बाबांचं?

थेरपिस्ट — बाबांना तुमचं दुखणं दिसलं. आपल्या माणसाचं दुखायला लागलं की सगळे आधी काहीतरी मऊ शोधतात.

मुलगी — ही मऊसुद्धा नाही हो.

थेरपिस्ट — खरंय. बघू? बाप रे, दगड आहे! बरं, हसलात तर खरं. ऐका, फेकून द्या असं मी म्हणत नाही. कुठेही ठेवा, फक्त टाइप करताना मनगटाखाली नको.

मुलगी — आणि नाहीच काढली तर?

थेरपिस्ट — तर आज कप सुटतो म्हणालात, उद्या बोटांतली ताकद जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही, शस्त्रक्रियेवाल्या डॉक्टरांकडे जावं लागेल. आत्ता आहे ते मागे फिरण्यासारखं आहे. तुमचं काम काय म्हणालात? वर्गातलं बोलणं तास चालू असतानाच टाइप करायचं? ते तर दोघं जण आळीपाळीनं करतात ना?

मुलगी — करतात. मी जोडीदार मागितला नाही.

थेरपिस्ट — का?

मुलगी — त्या मुलीला माझी सवय झालीय. तिची परीक्षाही आलीय. मधेच दुसरं कोणी नको वाटलं.

थेरपिस्ट — आणि ऐन तासाला तुमचा हात बंद पडला, तर तिला काय दिसेल?

मुलगी — काही नाही. कोरा पडदा.

*

आई — इतकं ताणू नकोस. त्या बाईंनी सावकाश म्हटलंय ना?

मुलगी — तू हल्ली फार मास्तरकी करतेस, आई.

आई — घरातलं ते पद रिकामं आहे. बोटं उघड. मीट. पुन्हा उघड. टेबलावर आज मोकळं-मोकळं दिसतंय.

मुलगी — उशी काढली. गेल्या आठवड्यातच.

आई — मग? हाताला काय म्हणतंय?

मुलगी — मुंग्या कमी झाल्यात. काल रात्रभर झोपले, एकदाही जाग आली नाही. आणि सकाळी उठून इतका राग आला.

आई — झोप लागली म्हणून राग?

मुलगी — बरं वाटलं म्हणून. उशी काढली आणि बरं वाटलं. म्हणजे बाबा चुकलेच ना.

आई — चुकले तर चुकले. त्यांना काय चुकायची बंदी होती? अगं, ती उशी शिवताना त्यांनी स्वतःचा शर्टच शिवला होता तिच्याबरोबर.

मुलगी — काय?

आई — मांडीवर घेऊन शिवत बसले होते. झाली म्हणून ऐटीत उठले, तर उशी लोंबकळतेय पोटाशी! कांगारूच्या पोरासारखी. मी हसून हसून खाली बसले. मग उसवून पुन्हा शिवली. म्हणून तर एका बाजूचे टाके दाट आहेत.

मुलगी — मला वाटलं, ती बाजू मुद्दाम पक्की केलीय.

आई — तसंच सांगणार होते ते तुला. मी म्हटलं, अहो, जन्मभर पोरांना टेकू नका टेकू नका म्हणून ओरडलात, आणि आता हे काय? तर म्हणाले, तिला ओरडणारे पुष्कळ आहेत. जरा टेक म्हणणारं कोणीतरी हवं.

मुलगी — असं म्हणाले?

आई — सुईत दोरा ओवत. चष्मा कपाळावर, आणि दोरा काही जाईना. शेवटी मीच ओवून दिला.

मुलगी — घरी आल्यावर काही बोलले? त्या दिवशी?

आई — मी विचारलं, आवडली का लेकीला? म्हणाले, बरं वाटतंय म्हणाली. मी म्हटलं, ते नव्हे, आवडली का? तर म्हणाले, कामात होती ती. आणि बसले जेवायला. नीट जेवले हो. भात दोनदा वाढून घेतला.

मुलगी — मी बोललेच नाही काही. वीट म्हणाले तिला.

आई — तेही सांगितलं मला. फार खुशीत सांगितलं. ए, तोंड पाडू नकोस अशी. तू त्यांचीच मुलगी. ते तरी कधी म्हणाले तुला, छान टाइप करतेस? शेजारपाजारच्यांना मात्र थांबवून-थांबवून सांगायचे. आमची पोर कान होऊन बसते एका मुलीसाठी, म्हणून. वैताग यायचा लोकांना.

मुलगी — मला माहीत नव्हतं.

आई — तुला सांगितलं तर तू शेफारशील. हा हात झाला, दुसरा दे.

मुलगी — ऑफिसला फोन केला मी आज. जोडीदार मागितला.

आई — मग? कुरकुरले का?

मुलगी — उलट. म्हणाले, कधीच का नाही मागितलात? आम्हाला वाटलं, तुम्हाला एकटीनंच करायला आवडतं. सोमवारपासून एक जण येतोय. अर्धा तास तो, अर्धा तास मी. त्या मुलीलाही कळवलं.

आई — नाराज झाली असेल.

मुलगी — नाही. तिनं लिहिलं, बरं झालं. शेवटच्या तासाला तुमच्या ओळी अडखळायच्या, मला काळजी वाटायची, पण विचारू कसं?

आई — बघ. सगळे एकमेकांना न विचारता काळजी करत बसलेत. ती उशी कुठे आहे आता?

मुलगी — कपाटात ठेवली होती. मग बाहेर काढली, पाठीला घेतली. टोचते.

आई — टोचणारच. गाठ केवढी मारलीय! आण, थोडा कापूस काढून परत शिवून देते. पाठीला चांगली होईल.

मुलगी — नको. टाके राहू देत त्यांचे. टोचली तर टोचली.

आई — बरं बाई. मनगट सैल सोड. किती आखडून धरतेस! मी काय पळवून नेणार आहे तुझा हात?

मुलगी — आई, तू बोलतेस का गं त्यांच्याशी? अजून?

आई — बोलते की. सकाळी चहा टाकताना.

मुलगी — काय बोलतेस?

आई — काही खास नाही. पेपर उशिरा आला. गुडघा धरलाय. कधी भांडतेसुद्धा, विम्याचे कागद कुठे खुपसून ठेवलेत म्हणून. का गं?

मुलगी — मला येत नाही तसं. टाइप करून बघितलं. होत नाही.

आई — मग मोठ्यानं बोलून बघ. पहिल्यांदा वेड्यासारखं वाटतं. मग वाटत नाही. मी आत जाऊ का?

मुलगी — नको. तू थांब. हात धरून ठेव तसाच.

आई — धरलाय. बोल.

मुलगी — बाबा... उशीचं माप चुकलं तुमचं. सरांना दाखवली असतीत तर तुम्हाला बाहेर उभं केलं असतं. पण मला ती फार आवडली, बाबा. दिलीत तेव्हाच आवडली होती.